गाठमाईचा लाल पाट

"खोक! जोरात खोक! देवीपुढं लाजू नगं!"

गाठमाईनं हुकूम सोडला आणि पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या बाया माना उंचावून बघू लागल्या. मधोमध एक पाट होता. पाटावर हळदीनं माखलेलं फडकं, आणि फडक्यावर कन्हेरी गावची कुशाबाई साडी सावरून उभी. कुशाबाई खोकली. जागच्या जागी उड्या मारून पुन्हा खोकली. मग ती खाली उतरली आणि माईनं ते फडकं दोन बोटांत धरून सगळीकडं फिरवून दाखवलं.

"पिवळं! धम्मक पिवळं! थांबली का न्हाय हिची ओल?"

"थांबली, माई!"

"गाठमाईचा उदो!" शेड दणाणली. कुशाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि खाली बघत आपल्या जागी जाऊन बसली.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की पळसदेवच्या काठाला गाळाची जमीन उघडी पडते, जुनं देऊळ वर दिसायला लागतं, आणि ते बघायला लोक येतातच. त्या गर्दीच्या वाटेवर शेड ठोकायची अक्कल माईला होती. बाकी अकलेच्या नावानं आनंदच होता, पण या धंद्याला तेवढी पुरते.

दुखणं कोणतं, ते सरळ सांगायला हवं. कुणी सांगत नाही म्हणून तर माईचं फावलं. खोकलं, शिंकलं, दुधाची कॅन उचलली की लघवीचे थेंब सुटतात. कुणाचं त्याच्याही पुढं गेलेलं असतं. अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरतं, चालताना काहीतरी लोंबल्यासारखं वाटतं. घरोघरी हे आहे आणि एकाही घरात त्याचा उच्चार नाही. बाई नवऱ्याला सांगत नाही, बहिणीला सांगत नाही. जुन्या कापडाची घडी लावते आणि लग्नाकार्याला जायचं टाळते. अशा बाईला कुणी पहिल्यांदाच "मला ठावं हाय, तुला काय व्हतंय" असं म्हटलं, की ती पाया पडणारच.

माई हातात माइक घेऊन बोलायची. "बायचं प्वाट म्हंजी देवीची पिशवी! पिशवीच्या तोंडाला गाठ! पाप झालं की गाठ ढिली, गाठ ढिली की ओल! डाक्टरकडं काय हाय? सुई हाय! सुईनं फाटलेलं शिवत्यात, सुटलेलं बांधत न्हाईत!"

या वाक्याला टाळ्या पडल्या. अर्थ कुणालाच कळला नव्हता, म्हणून जरा जास्तच पडल्या.

टाळी न वाजवणारी बाई एकच होती. तिचं नाव अनिता. बारामतीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि आज आली होती ती सासूच्या सोबतीला. सासूला, म्हणजे छबूबाईला, ती आत्या म्हणे. "नुसती बस माझ्याशेजारी, पण त्वांड उघडू नगंस," अशी अट घालूनच छबूबाईनं तिला आणलं होतं. तोंड बंद ठेवायचं म्हणून अनिता डोळे उघडे ठेवून बसली होती. नव्या आलेल्या बायांना माईची चेली दिपाली तांब्यामागून तांब्या तीर्थ पाजत होती. तीर्थ कसलं, गुळाचं पाणी. वरून आरती, मग माईचं भाषण, मग पुन्हा आरती. उठायची बंदी. "परीक्षेआधी भाईर गेली, तर देवी पाठ फिरवती!" आणि ज्या बाया उपाय घेऊन परीक्षेला परत आल्या होत्या, त्यांना मात्र सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि पाटावर यायच्या आधी शेडमागं "पाय धुवायला" पाठवलं जात होतं. फडक्यांचेही दोन ढीग होते. नव्या बायांची फडकी टोपलीत, जुन्यांची परातीत.

"छबूबाई, कन्हेरी!"

छबूबाई उठली. तीन बाळंतपणं, प्रत्येक वेळी सव्वा महिना भरायच्या आधीच डोक्यावर हंडा, आणि त्यानंतर सारा जन्म वैरणीचे भारे नि दुधाच्या कॅना. तांब्याभर तीर्थ पोटात, दोन आरत्या झालेल्या. ती खोकली आणि तिथंच गोठून उभी राहिली. माईनं फडकं उचललं. पिवळ्यावर रक्तासारखा लालभडक डाग उठला होता.

"लाल! देवीचा कोप! बोल, काय पाप केलंस?"

"काय न्हाय वो माई..."

"लाल खोटं बोलत न्हाय! बोल!"

साठीची बाई सगळ्यांदेखत हमसून रडायला लागली. "माझी सासू हातरुणाला खिळली व्हती, तवा येकदा म्या तिला टाकून बोलले व्हते..." शेडभर 'च् च्' असा आवाज झाला. अनिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या घरात सून होऊन आली तेव्हापासून तिनं ऐकलं होतं की आजेसासूचं सगळं छबूबाईनं एकटीनं केलं, कुशी बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत. त्या सेवेला आज 'पाप' हे नाव पडलं होतं, आणि ते पाडणारी बाई माइकची वायर सोडवत होती.

उपाय सांगितला तो असा. पोटाला लाल पट्टा करकचून बांधायचा, दिवसा पाणी प्यायचं नाही, डॉक्टरची गोळी घ्यायची नाही, अंगाला लोखंड, म्हणजे डॉक्टरची सुई-कात्री, लावून घ्यायचं नाही. पुढच्या शुक्रवारी परत यायचं, फडकं पिवळं निघेल. वर साडी-नारळानं माईची ओटी भरायची. ते नारळ मागच्या दारानं बाहेरच्या दुकानात जातात आणि पुढच्या दारानं परत येतात, हे दारात बसलेल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अनितानं सासूची साडी धुवायला काढली. काठाला पाटावरची हळद लागलेली. तिनं तो काठ बादलीत नुसता बुडवला आणि थबकली. डाग लाल झाला होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण बादलीत साबण नव्हता. नळाचं साधं पाणी होतं.

"आत्या, हळदीत धुण्याचा सोडा कालवलाय तिनं. कोरडा असेपर्यंत पिवळा दिसतो. त्यावर काहीही ओलं पडलं तरी लालच होणार."

"आगं, पर माझं ओलं व्हतंच ना," छबूबाई पुटपुटली. "म्हंजी खरंच हाय की." आणि तिनं पट्टा आणखी आवळला.

ही माईची खरी करामत. थेंब खरा, म्हणून कोपही खरा. खऱ्या दुखण्याला खोटं कारण चिकटवलं की माणूस दुखण्याकडंच बोट दाखवत बसतो. अनितानं कागदावर सोडा नि हळद कालवून दाखवली, तरी छबूबाई म्हणाली, "आसंल. पर कुशाबाईचं पिवळं निघालं ना?" अनिताला फडक्यांचे ते दोन ढीग आठवले, पण ते इथं दाखवायला हाताशी नव्हते.

ती सासऱ्यांकडं, सर्जेरावांकडं गेली, तर ते म्हणाले, "बायकांच्या भानगडीत मला वढू नगं. माई म्हनती तसं करू दे."

सोमवारी गोठ्यात धांदल उडाली. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं अंग बाहेर आलं. सर्जेरावांनी चप्पल पायात न घालता फोन लावला आणि जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून येईपर्यंत ओल्या धडप्यानं अंग झाकून, डोळ्यांत पाणी आणून म्हशीशेजारी उभे राहिले. डॉक्टरांनी अंग धुऊन आत बसवलं, ते पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून दोरीची आटी घातली, सलाईन लावलं.

"डाक्टर, कुनाची नजर लागली का वो?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

"नजर कसली? व्यायला जोर लागला, आधार देणारे स्नायू ढिले पडले. मागचं अंग उंचावर येईल असं बांधा आणि पाणी भरपूर पाजा."

"व्हय, व्हय," सर्जेराव म्हणाले. "जनावराचं ऐकावंच लागतं."

हे सगळं छबूबाई ओसरीवरून बघत होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पोटाला पट्टा. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. उठायला गेली ती उंबऱ्यातच कोसळली.

बारामतीच्या दवाखान्यात कळलं की लघवीत जंतुसंसर्ग झालाय, ताप फार चढलाय. पाणी तोडल्यानं दुखणं वाढलं होतं. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर मूत्रपिंडावर बेतलं असतं. औषध सुरू झालं. ताप उतरल्यावर अनितानं जरिनाला बोलावलं. जरिना फिजिओथेरपिस्ट. धाकट्या मुलाच्या वेळी अनितालाही थेंब सुटायचे, तेव्हा जरिनानंच तिच्याकडून महिनोन् महिने व्यायाम करून घेतला होता. अनितानं ते घरात कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती आता स्वतःवरच चिडली होती.

जरिनानं आधी तो लाल पट्टा बघितला. "मावशी, हे कुणी बांधलं? पिशवी वरून आवळली तर आतलं कुठं जाईल?"

"खाली," छबूबाई म्हणाली.

"मग? उतरलेलं अंग वर न्यायचंय का आणखी खाली ढकलायचंय?" जरिनानं आपला पदर दोन हातांत झोळीसारखा धरला. "पोटाच्या तळाला अशी स्नायूंची झोळी असते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं, सगळं तिच्यावर. बाळंतपणात ती ताणली जाते. वर ओझं, जुना खोकला, संडासला जोर करणं. पाळी गेली की आणखी पातळ पडते. ढिली पडलेली झोळी नवसानं घट्ट होत नाही, व्यायामानं होते. वारा आणि लघवी दोन्ही रोखल्यासारखं आत ओढायचं, थोडं धरायचं, सोडायचं. श्वास रोखायचा नाही. तुमचं अंग उतरलंय, म्हणून डॉक्टर आतून आधार देणारी रिंग बसवून बघतील. नाही भागलं तर ऑपरेशन."

"आन पाप?"

"पापाला कुठला स्नायू असतो मावशी?"

छबूबाई हसली नाही. भिंतीकडं बघत म्हणाली, "येकदा माझं पिवळं निघू दे. मग तू म्हनशील ते करीन. चारचौघींत लाल निघालंय माझं. तसं घिऊन मी रिंग बिंग काय बसवून घ्येनार न्हाय." डॉक्टरांनी समजावलं, मुलानं समजावलं. बाई ढिम्म हलली नाही. चारचौघींत गेलेली अब्रू तिला चारचौघींतच परत हवी होती.

"ठीक आहे आत्या," अनिता म्हणाली. "शुक्रवारी जाऊ. पण वाटेत पाणी प्यायचं."

शुक्रवारी शेड पुन्हा तुडुंब. सर्जेराव बाकीच्या पुरुषांबरोबर बाहेर लिंबाखाली बसले. बायांच्या दरबारात पुरुषांना यायची बंदी होती. छबूबाईचं नाव पुकारलं गेलं तशी तिच्याआधी अनिता उठली.

"माई, आत्यांच्या आधी आणखी एकाची परीक्षा घ्यायचीय."

"कुनाची? तुजी?"

"याची." अनितानं दिपालीच्या हातातला तीर्थाचा तांब्या घेतला. माई 'आगं, आगं' म्हणेपर्यंत टोपलीतलं फडकं पाटावर पसरलं आणि त्यावर तीर्थाची धार सोडली.

फडकं लालभडक झालं.

अनितानं फडकं दोन बोटांत धरून, अगदी माई धरायची तसंच, सगळीकडं फिरवलं. "लाल खोटं बोलत नाही, असं माईच म्हणतात. विचारा आता या तांब्याला, काय पाप केलंय त्यानं. कुणाला टाकून बोलला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"इटाळ केला!" माई किंचाळली. "मास्तरीण हाय ती! तिच्या हातानं तीर्थ कोपलं!"

"असं? मग दिपालीच्या हातानं ओतू." पण दिपाली आधीच परातीमागं सरकली होती. तेव्हा अनितानं त्याच परातीतलं फडकं उचललं आणि त्याच तांब्यातलं पाणी त्याच हातानं त्याच्यावर ओतलं. फडकं भिजून चिंब झालं आणि पिवळंच्या पिवळं राहिलं. "बघा, तीर्थाची गाठ बांधली गेली. पट्टाही लागला नाही."

आता हशा उघडच पिकला. अनितानं आवाज चढवला. "तुमच्या कपाळाचं कुंकू कशाचं बनतं, विचारा घरातल्या म्हातारीला. हळदीत चुना पडला की लाल. इथं चुन्याऐवजी धुण्याचा सोडा. नव्या बाईच्या फडक्यात सोडा, म्हणून ती लाल. जुन्या बाईच्या फडक्यात नुसती हळद, म्हणून ती पिवळी, मग ओली असो की कोरडी. वर नव्या बाईला तांब्याभर पाजून उठू द्यायचं नाही, आणि जुनीला उपाशी-तहानलेली ठेवून आधी मोकळं होऊन यायला सांगायचं. एवढाच चमत्कार. असं पाणी तोडल्यामुळंच माझी सासू दवाखान्यात पडली होती."

माईनं शेवटचा पत्ता टाकला. "आन मग ह्या बऱ्या झालेल्या बाया काय खोट्या? ये कुशे, ऊठ! सांग हिला!"

कुशाबाई उठली. माइक तिच्या तोंडापुढं आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"मला आजून बी व्हतंय," ती म्हणाली. माइकमुळं ते लिंबाखालीसुद्धा ऐकू गेलं. "त्या दिशी पाटावर बी झालं व्हतं. मला कळलं. पर फडकं पिवळं निघालं, सगळ्या उदो म्हनायला लागल्या. मी काय बोलू? मला वाटलं, माजंच मन पापी, देवीनं बरं केलं तरी मी न्हाई म्हन्ते. म्हून गप बसले. छबूबाई, माज्यामुळं तू आलीस गं हितं."

कोपऱ्यातून आवाज आला, "मला बी व्हतंय." मग दुसरीकडून, "माजं बी तसंच हाय." उजवीकडून एकजण, परातीजवळून दोघीजणी. बऱ्या झालेल्यांपैकी खरंच बरी झालेली कुणी आहे का, असं अनितानं विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही. शेडमधल्या साऱ्या जणी इतके शुक्रवार एकमेकींपासून तोंड लपवत एकमेकींनाच फसवत आल्या होत्या, आणि त्या लाजेवर ही बया ऐटीत बसली होती.

छबूबाई पुढं आली. तिनं साडीत हात घालून तो लाल पट्टा सोडला आणि माईच्या पुढ्यात टाकला.

"आमच्या म्हशीचं अंग भाईर आलं, तवा डाक्टर आला. म्हशीला कुनी पाप इचारलं न्हाय. मला मातुर तू समद्यांच्या म्होरं इचारलंस. माज्या सासूला मी हातानं घास भरवलाय, तिच्या नावानं रडवलंस मला!" तिचा आवाज फाटला. "मी काय म्हशीपरास हलकी हाय व्हय गं?"

माईच्या अंगात लगेच देवी आली. देवीचा आदेशही तातडीचा होता: आजचा दरबार बंद. पण बाया उठून घरी गेल्या नाहीत. त्या परातीभोवती आणि टोपलीभोवती जमल्या आणि एकेक फडकं भिजवून बघायला लागल्या. माई मागच्या दारानं निघाली, तेच दार जे नारळ रोज वापरायचे. अनितानं भिगवणच्या पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आणि दोन्ही ढिगांतली फडकी सोबत दिली.

पुढची गोष्ट चमत्काराची नाही, म्हणून तिला उदो मिळत नाही. छबूबाईनं रिंग बसवून घेतली. जरिनानं शिकवलेला व्यायाम ती सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या करते, कधी कंटाळते, पुन्हा धरते. थेंब कमी झालेत, थांबलेले नाहीत. ऑपरेशन लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. कन्हेरीच्या शाळेच्या खोलीत जरिना बायांना शिकवायला येते. पहिल्या दिवशी कुशाबाईच पुढं बसली होती. जरिनानं आठवीतल्या मुलींनाही बसवून घेतलं, कारण संडास घाण म्हणून दिवसभर पाणी न पिता लघवी तुंबवून बसायची सवय मुलींना तिथूनच लागते. एका आजीनं विचारलं, "आता या वयात काय उपेग?" त्यावर जरिना म्हणाली, "आजी, स्नायूला तुमचं वय सांगू नका, काम सांगा."

दवाखान्यातून रिंग बसवून परतताना जीपमध्ये सर्जेराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इतकी वर्सं सोसलंस. मला का न्हाय सांगितलंस?"

छबूबाई म्हणाली, "तुमी इचारलंत कवा?"

याचं उत्तर तुम्हाला सुचतंय का बघा. घरातली बाई खोकताना मांड्या आवळते, लांबच्या गाडीत बसायला नको म्हणते, पाणी प्यायचं टाळते, हे दिसूनही न दिसल्यासारखं करणारा प्रत्येक घरधनी माईच्या शेडचा एकेक पत्रा आपल्या हातानं ठोकत असतो. तेव्हा विचारा. आणि बायांनो, कुणी विचारलं नाही तरी सांगा. मुलीला सांगा, सुनेला सांगा, डॉक्टरला सांगा. हे दुखणं पापानं येत नाही आणि नवसानं जात नाही. त्याला इलाज आहे, आणि तो तोंड उघडल्याशिवाय सुरू होत नाही.